खाऱ्या पाण्याचे द्वीपकल्प

उरणला आमच्या घराच्या गच्चीवर उभे राहिले की रात्री आकाशाचा एक कोपरा तांबूस दिसायचा. मुंबई हायचे तेल आणि वायू समुद्राखालच्या वाहिन्यांनी येऊन जिथे किनाऱ्याला लागतात, त्या प्रकल्पाची ती ज्योत होती. पावसाळ्यात ढग खाली उतरले की तिचा उजेड ढगांच्या पोटाला लागे आणि मिठागरांत साचलेल्या पाण्यावर पसरे. ती ज्योत पाहतच मी मोठी झाले, त्यामुळे तिचे मला कधी अप्रूप वाटले नाही. बाबांना मात्र ती पाहिली की बाकू आठवे. तेल व नैसर्गिक वायू आयोगात नोकरीला लागल्यावर थोड्याच वर्षांत, १९६० च्या दशकाच्या मध्याला, त्यांना प्रशिक्षणासाठी सोव्हिएत अझरबैजानमध्ये पाठवण्यात आले होते. तिथल्या अकरा महिन्यांविषयी ते फार बोलत नसत. पण काही शब्द मात्र त्यांच्या तोंडात कायमचे बसले होते. थंड वारा सुटला की ते त्याला ‘खझरी’ म्हणत. आणि कामात गुंग असताना, दाढी करताना किंवा सायकल पुसताना, ते काही नावे एकाखाली एक पुटपुटत: सुराखानी, साबुंची, बालाखानी. मला ती गावांची नावे वाटत, आणि ती गावांची नावे होतीही.

‘‘अगं, तिथे पोरे जमिनीत काठी खुपसून भोक पाडत आणि त्याला काडी लावत, की भोक पेटत असे,’’ ते एकदा म्हणाले होते. मी विचारले, ‘‘आणि विझवायचे कसे?’’ ‘‘वर मूठभर माती टाकायची,’’ ते म्हणाले. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, बाबा गेल्यानंतर बऱ्याच काळाने, मी बाकूचे ते द्वीपकल्प, आब्शेरोन, पाहायला गेले.

काळ्या समुद्रापासून निघालेली कॉकेशसची मुख्य रांग आग्नेयेकडे येता येता बुटकी होत जाते, आणि तिचे टोक ज्या कोरड्या, पिवळसर, जवळजवळ सपाट जमिनीच्या रूपाने कॅस्पियन समुद्रात शिरते, ते आब्शेरोन. पूर्वेकडे सुमारे ६० किलोमीटर लांब आणि जिथे सर्वांत रुंद तिथेही ३० किलोमीटरच्या आसपास. नकाशात ती पक्ष्याच्या चोचीसारखी दिसते आणि बाकू शहर त्या चोचीच्या खालच्या कडेला, एका गोलसर उपसागराच्या कुशीत बसलेले आहे. कॅस्पियनचे पाणी कुठल्याच महासागराला मिळत नाही आणि त्याची पातळी जगाच्या समुद्रसपाटीहून सुमारे २८ मीटर खाली आहे. म्हणून जगातील राष्ट्रांच्या राजधान्यांत बाकू सर्वांत खाली वसलेली ठरते. किनाऱ्यावर उभे राहून आपण समुद्रसपाटीच्या खाली आहोत ही जाणीव कोकणातल्या माणसाला पचायला वेळ लागतो. वर्षभरात जो पाऊस इथे पडतो, तो जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर. आमच्याकडे जुलैतल्या एका नेटाच्या आठवड्यात तेवढा कोसळतो. आब्शेरोन या नावाची फोड सहसा फारसीतून करतात: आब म्हणजे पाणी आणि शोर म्हणजे खारट. आपल्याकडच्या ‘सोरा’ या शब्दातही तोच खारटपणा उतरला आहे. भूमीला तिच्या पाण्यावरून नाव पडावे आणि ते पाणी पिण्याजोगे नसावे, यात या द्वीपकल्पाचे निम्मे चरित्र आले.

उरलेले निम्मे वाऱ्यात आहे. आपल्याकडे कोळ्यांना मतलई आणि खारे वारे जसे ठाऊक असतात, तसे इथल्या लहान मुलालाही दोन वारे ठाऊक असतात: उत्तरेकडून येणारा, थंड आणि उद्दाम खझरी, आणि दक्षिणेकडून येणारा, उबदार आणि काहीसा मऊ गिलावार. बाकू या नावाचाच अर्थ ‘वाऱ्याने झोडपलेले शहर’ असा लोक सांगतात. भाषाशास्त्राच्या कसोटीला ती व्युत्पत्ती उतरो वा न उतरो, खझरी सुटलेला असताना रस्ता ओलांडणाऱ्या कोणालाही ती पटते. पाइनची झाडे दक्षिणेकडे वाकून वाढलेली दिसतात. जुन्या गावांतल्या घरांच्या भिंती उंच आणि गल्ल्या अरुंद ठेवलेल्या असतात, त्या वाळू उडवणाऱ्या वाऱ्याला आत शिरायला वाव मिळू नये म्हणून. घरे चुनखडीच्या चौकोनी दगडांची असतात. खाणीत ते दगड कापून काढलेले पाहिले तेव्हा जांभ्याचे चिरे आठवले; फक्त आपला चिरा रक्तासारखा लाल आणि त्यांचा लोण्यासारखा पिवळा.

आणि या कोरडेपणात बागा आहेत. शहरातले लोक उन्हाळ्यात उत्तर किनाऱ्यावरच्या मर्दाकान, बुझोव्ना, बिल्गा या गावांतल्या आपापल्या घरी राहायला जातात, आणि त्या घराला जो शब्द वापरतात तो ‘बाग’ हाच. तिथे वाळूत द्राक्षाचे वेल मांडवावर न चढवता जमिनीवरच पसरू दिलेले असतात; वाळूखाली साठून राहिलेल्या थोड्याशा ओलाव्यावर ते जगतात. अंजीर, तुती, पिस्ते आणि एके काळी केशरही. शानी नावाची द्राक्षे, काळी आणि पांढरी, इथलीच. मी मर्दाकानला खाल्लेल्या अंजिराची चव मला तेलाच्या कुठल्याही गोष्टीइतकीच लक्षात राहिली आहे, आणि हे मी मुद्दाम नोंदवते, कारण आब्शेरोनविषयी लिहिणारे बहुतेक जण तेलापासून सुरुवात करतात आणि तिथेच संपवतात. तेलाच्या आधीही हे द्वीपकल्प होते. मर्दाकानचा गोल बुरूज १२०४ सालचा आहे.

तरीही तेल इथे आहे ते का आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी कॅस्पियन इतर समुद्रांपासून तुटला आणि त्याची पातळी खूप खाली गेली. तेव्हा उत्तरेकडून येणाऱ्या प्राचीन व्होल्गाने आणि कॉकेशसवरून उतरणाऱ्या नद्यांनी या खोलगट भागात वाळू आणि गाळ इतक्या घाईने आणून ओतला की त्याखाली दबलेल्या जुन्या चिखलातले पाणी आणि वायू निसटायला सवडच मिळाली नाही. पुढे पर्वत उभे करणाऱ्या रेट्याने त्या थरांना घड्या पडल्या. घड्यांच्या माथ्यांवर, वाळूच्या थरांत तेल गोळा झाले, आणि कोंडलेला चिखल जिथे फट मिळेल तिथून वर येऊ लागला. अझरबैजानात चिखलाचे असे ज्वालामुखी ३०० हून अधिक आहेत, जगात इतरत्र कुठेच इतके नाहीत. त्यांचा चिखल गरम नसतो. हाताला तो थंड लागतो, करडा असतो, आणि त्यात बुडबुडे फुटतात तेव्हा म्हशीने पाण्यात नाक फुरफुरावे तसा आवाज येतो. पण अधूनमधून त्याच तोंडातून वायू जोराने सुटतो, पेट घेतो, आणि शेकडो मीटर उंच ज्वाला दूरवरून दिसते. बाकूच्या दक्षिणेचा लोकबातान हा त्यांतला फार जागता. या गावाच्या नावाचा अर्थ ‘जिथे उंट बुडाला’ असा. कुठला उंट, कोणाचा, कधी, हे कोणी सांगत नाही. पण ज्याने हे नाव ठेवले त्याला पायाखालच्या जमिनीवर विश्वास ठेवू नये एवढे नक्की कळले होते.

अशा जमिनीतून आग वर येत असेल तर माणूस तिच्यापुढे हात जोडणार. सुराखानीचे आतेशगाह, म्हणजे अग्नीचे स्थान, पाहायला मी दोन वेळा गेले. पाच बाजूंचे दगडी आवार, भिंतीला लागून संन्याशांच्या आणि यात्रेकरूंच्या खोल्या, मधोमध चार खांबांवर घुमटी, आणि घुमटीखाली ज्योत. १७ व्या आणि १८ व्या शतकांत इथे व्यापारासाठी येणाऱ्या, मुख्यतः मुलतानकडच्या, हिंदी व्यापाऱ्यांनी आणि त्यांच्या आधाराने राहणाऱ्या साधूंनी हे आजचे बांधकाम उभारले. बाकूच्या जुन्या कोटात मुलतानी कारवांसराय अजून उभी आहे. खोल्यांच्या दारांवर शिलालेख आहेत, काही गुरुमुखीत, एक फारसीत, आणि बहुतेक देवनागरीत. हजारो किलोमीटरवर, कॅस्पियनच्या काठी, दाराच्या माथ्यावर ‘श्रीगणेशाय नमः’ वाचताना माझे डोळे भरून आले. एका लेखात ज्वालाजीसाठी एका संन्याशाने ‘दरवाजा बणाया’ असे म्हटले आहे आणि साल दिले आहे संवत १८६६, म्हणजे इसवी सन १८०९-१० च्या सुमाराचे. ‘बणाया’तला तो ण माझ्या कानाला इतका जवळचा वाटला की लिहिणाऱ्याचे गाव मला विचारावेसे वाटले.

या जागेला पारशी अग्निमंदिर म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि अग्निपूजेची या परिसरातली परंपरा त्याहूनही प्राचीन असू शकते. पण मुंबईचे पारशी विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी १९२५ साली इथे येऊन गेले आणि उभी असलेली वास्तू हिंदूंची आहे, असे मत त्यांनी दिले. आपल्या धर्माचे म्हणून मिरवता येण्याजोगे स्थळ समोर असताना दारावरचे लेख वाचून ते नाकारणारा हा अभ्यासक मला फार मोठा वाटतो.

या साधूंनी ज्वालाजी हे नाव आणले ते हिमालयाच्या पायथ्याचे. कांगड्याजवळच्या ज्वालामुखीच्या देवळातही खडकातून वायू येतो आणि जळतो. आणि आमच्या घरातली गोष्ट इथे येऊन जुळते, कारण स्वातंत्र्यानंतर आयोगाने आपली पहिली खोल विहीर १९५७ साली खणायला घेतली ती त्याच ज्वालामुखीजवळ, परदेशी तज्ज्ञांच्या मदतीने. वायू लागला, पण विकण्याइतका नाही. ‘‘आधी संन्यासी पोहोचत, मग आम्ही,’’ असे बाबा म्हणत. त्यांच्या स्वरात तेव्हा अभिमान असे.

सुराखानीतही तसेच झाले होते. १८५९ साली वासिली कोकोरेव या रशियन उद्योजकाने देवळाला लागूनच तेलापासून दिव्याचे तेल काढण्याचा कारखाना घातला. भट्ट्यांना जळण म्हणून जमिनीतून येणारा तोच वायू वापरला. चार वर्षांनी रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेयेव तिथे सल्ला द्यायला येऊन गेला. काही काळ एका भिंतीच्या आत धुनी आणि बाहेर धुराडे, अशी ही शेजारशेज राहिली. १९ वे शतक संपण्याआधी साधू निघून गेले. पुढच्या काळात भोवतालच्या विहिरी जमिनीतला वायू ओढत राहिल्या आणि १९६९ साली सुराखानीची ज्योत विझली. आज घुमटीखाली जी दिसते, तिला शहराच्या वायुवाहिनीतून इंधन येते.

म्हणजे बाबांनी पाहिलेली ज्योत आणि मी पाहिलेली ज्योत एक नव्हे. ते तिथे होते तेव्हा ती आपली आपण जळत होती, आणि ज्या शास्त्राचे प्रशिक्षण ते घेत होते त्याच शास्त्राने ती काही वर्षांत संपणार होती. त्यांच्या शेवटच्या वर्षी मी कुठेतरी हे वाचले आणि त्यांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, ‘‘कुठल्या थरातून काढला होता वायू?’’ मला ते सांगता आले नाही.

इथे तेल काढणे आधुनिक नाही. दहाव्या शतकातल्या अल-मसूदी या अरब इतिहासकाराने बाकूच्या नाफ्ताचा, म्हणजे खनिज तेलाचा, उल्लेख केला आहे. बालाखानीत १५९४ सालची हाताने खणलेली ३५ मीटर खोल विहीर सापडली, ती खणवणाऱ्याच्या नावाच्या दगडासह. माणूस दोरावर आत उतरे आणि वायूने गुदमरण्याच्या आत त्याला वर ओढून घ्यावे लागे. तेल चामड्याच्या पिशवीने काढत, आणि ती ओढायला घोडा जुंपलेला असे. आपली मोट ज्याने पाहिली आहे त्याला याहून अधिक सांगायची गरज नाही. मग पखालींत भरून दोन चाकांच्या गाड्यांतून आणि उंटांवरून ते जाई. दिव्याला, छपराला, आणि खरूज झालेल्या जनावराच्या अंगाला लावायला. १८०६ मध्ये रशियाने बाकू घेतले, आणि १८४० च्या दशकात बाकूलगतच्या बिबी-हेबत इथे यंत्राने पाडलेली विहीर २१ मीटर खोल गेली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या गाजलेल्या विहिरीच्या सुमारे दहा वर्षे आधीची ही गोष्ट. तरी खरा धुमाकूळ सुरू झाला तो १८७२ नंतर, जेव्हा सरकारने तेलाचा मक्ता बंद केला आणि जमिनीचे तुकडे लिलावात काढले. पुढच्याच वर्षी बालाखानीत असे कारंजे उसळले की तेलाची तळी साचली आणि भाव कोसळला.

त्याच १८७३ साली रॉबर्ट नोबेल हा स्वीडिश माणूस बंदुकांच्या दस्त्यांसाठी अक्रोडाचे लाकूड शोधत कॉकेशसमध्ये आला. भावाने लाकडासाठी दिलेले २५,००० रूबल त्याने बाकूत तेलशुद्धीच्या एका लहान कारखान्यात घातले. नोबेल बंधूंनी १८७८ मध्ये बालाखानीहून समुद्रकाठच्या कारखान्यांपर्यंत लोखंडी वाहिनी टाकली. पिंपे वाहून पोट भरणाऱ्या गाडीवानांची रोजी त्या एका नळीने गेली, त्यांनी ती फोडायला सुरुवात केली आणि वाहिनीवर पहारे बसवावे लागले. त्याच वर्षी पोटातच तेल भरून नेणारे ‘झोरोआस्टर’ नावाचे जहाज कॅस्पियनवर आले. १८८३ मध्ये बाकू आगगाडीने काळ्या समुद्रावरच्या बातुमीशी जोडले गेले, आणि आब्शेरोनचे रॉकेल सुएझमार्गे पूर्वेकडे निघाले. ते मुंबईतही उतरत असे. आपल्याकडच्या खेड्यांतून करंज-उंडीच्या तेलाचे दिवे मागे पडून घासलेटची चिमणी आली, त्या पहिल्या पिढीच्या उजेडात या कोरड्या द्वीपकल्पाचा वाटा आहे. १९०१ साली जगात निघणाऱ्या एकूण तेलापैकी निम्म्याहून अधिक, १ कोटी १० लाख टनांहून जास्त, एवढ्याशा भूमीतून निघत होते.

ते कसे निघत होते, हे जुन्या छायाचित्रांत पाहिले की छातीत धस्स होते. फळ्यांनी मढवलेले लाकडी मनोरे एकमेकांना खेटून उभे, मध्ये चालायलाही जागा नाही, जमीन काळी, डबकी काळी, माणसे काळी. कारखाने शहराबाहेर एका जागी ढकलले गेले, त्या भागाचे नावच ‘काळे शहर’ पडले. तिथे काजळीचा पाऊस पडे. नोबेलांनी आपल्या माणसांसाठी शेजारी बाग केली, तर त्यासाठी माती दक्षिणेच्या लेंकोरानहून जहाजांतून आणावी लागली, आणि तेल घेऊन गेलेली जहाजे परतताना व्होल्गाचे गोडे पाणी घेऊन येत. इराणमधून, दागिस्तानातून, रशियातून, आर्मेनियन खेड्यांतून मजूर येत आणि तेलाने भिजलेल्या जमिनीवरच्या बराकींत झोपत. १९०४ च्या डिसेंबरात त्यांनी मोठा संप केला आणि मालकांकडून लेखी करार मिळवला. रशियन साम्राज्यातला हा पहिला सामुदायिक करार मानला जातो. पुढच्याच वर्षी दंगलींत तेलक्षेत्रे पेटली.

या काळातला एक माणूस मला विसरता येत नाही. हाजी झेयनालाब्दिन तागियेव. चांभाराचा मुलगा, लहानपणी गवंड्याच्या हाताखाली राबलेला. बिबी-हेबतला भागीदारांबरोबर जमीन घेतली. तेल लागेना तेव्हा कंटाळून भागीदार हिस्से विकून गेले, हा खणत राहिला आणि कारंजे लागले. पुढे त्याने गिरणी घातली, नाट्यगृह बांधले, आणि विरोध पत्करून १९०१ मध्ये मुस्लिम मुलींसाठी शाळा उघडली. जी भूमी जगाला दिव्याचे तेल देत होती तिला पिण्याचे पाणी नव्हते. समुद्राचे पाणी उकळून, नाही तर विहिरींचे मचूळ पाणी पिऊन शहर जगत होते. कॉकेशसच्या पायथ्याच्या शोल्लार झऱ्यांचे पाणी दीडशेहून अधिक किलोमीटरवरून नळाने आणण्याच्या कामामागे तागियेव ठामपणे उभा राहिला, आणि १९१७ मध्ये ते पाणी बाकूला पोहोचले. तीन वर्षांनी लाल सैन्य आले. त्याची सारी मालमत्ता गेली, फक्त मर्दाकानची बाग त्याला राहायला ठेवली, आणि तिथेच १९२४ मध्ये तो वारला. मला त्याच्याविषयी जे वाटते ते निव्वळ आदर आहे. तेलाचा पैसा हाती आलेल्या माणसांपैकी फार थोड्यांना या जमिनीला सर्वांत आधी काय कमी आहे ते दिसले.

सोव्हिएत काळात माणसांनी या द्वीपकल्पाचा आकारच बदलला. बिबी-हेबतच्या उपसागराखाली तेल आहे हे कळल्यावर त्याचा मोठा भाग भराव घालून बुजवला गेला. हे काम चालवणारा पोलिश अभियंता पावेल पोतोत्स्की पुढे पूर्ण आंधळा झाला, तरी हाताने चाचपता येईल असा उठावाचा नकाशा समोर ठेवून काम सांगत राहिला. तो तिथेच, आपण समुद्रातून काढलेल्या जमिनीत पुरला गेला. शेजारची बिबी-हेबतची जुनी मशीद १९३६ मध्ये पाडली. आज दिसते ती १९९० च्या दशकात पुन्हा बांधलेली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाचे बहुतांश तेल इथलेच होते. एकट्या १९४१ मध्ये २ कोटी ३५ लाख टन. हिटलरच्या फौजा कॉकेशसकडे निघाल्या त्या याच तेलासाठी, आणि पोहोचू शकल्या नाहीत. युद्धानंतर जमीन थकली असे वाटताच माणसे समुद्रात गेली. बाकूपासून सुमारे १०० किलोमीटरवर लाटांच्या वर जेमतेम डोके काढणाऱ्या खडकांवर ७ नोव्हेंबर १९४९ रोजी तेल लागले. तिथे जुनी सात जहाजे बुडवून पाया केला, आणि त्यावर लोखंडी खांबांच्या रस्त्यांनी जोडलेले, इमारतींचे, बेकरीचे, झाडे लावलेले गाव वसवले: नेफ्त दाशलारी, तेलाचे खडक. बुडवलेल्या जहाजांत नोबेलांचे झोरोआस्टरही होते. पहिली विहीर पाडणारा मिखाईल कावेरोच्किन १९५७ च्या वादळात आपल्या अनेक सहकाऱ्यांसह समुद्रात गेला. बाबा या गावी तीन आठवडे राहिले होते. तिथे रात्री झोपल्यावर खाटेखालून समुद्र वाहताना ऐकू येतो, असे त्यांनी आईला पत्रात लिहिले होते.

आजचे आब्शेरोन पाहताना कुठला काळ कुठे संपला ते ओळखता येत नाही. काळ्या शहराच्या जागी ‘पांढरे शहर’ नावाच्या फिकट दगडी इमारती उभ्या राहिल्या आहेत. परदेशी तेलकंपन्यांशी १९९४ मध्ये झालेल्या मोठ्या करारानंतर खोल समुद्रातले तेल निघू लागले, त्यात आज भारताच्या ओएनजीसी विदेशचाही छोटा हिस्सा आहे, आणि ते १,७६८ किलोमीटरच्या वाहिनीने थेट तुर्कस्तानच्या भूमध्य किनाऱ्यावर जाते. त्या पैशाने बाकूत ज्वालेच्या आकाराचे तीन मनोरे बांधले. पण शहराच्या कडेला, घरांच्या परसांत, शाळेच्या कुंपणाला लागून जुने पंप अजून मान खालीवर करत असतात, आणि त्यांच्या पायाशी डांबरासारखी डबकी असतात. कोंबड्या त्या डबक्यांना वळसा घालून चालतात. उत्तरेच्या सुमगाइतमध्ये सोव्हिएत काळात रसायनांचे कारखाने एकवटले होते; २००७ साली एका आंतरराष्ट्रीय संस्थेने केलेल्या जगातील सर्वाधिक प्रदूषित दहा ठिकाणांच्या यादीत ते होते. ब्युक्शोर सरोवराने शंभर वर्षे तेलाचा गाळ पोटात घेतला. त्याचा एक भाग अलीकडे साफ करून काठावर क्रीडांगण उभारले, आणि २०२४ मध्ये जागतिक हवामान परिषद तिथेच भरली. मासाझीर सरोवर मात्र गुलाबी आहे, आणि तिथे माणसे गुडघाभर पाण्यात उभी राहून मीठ ओढत होती. त्यांच्या कमरेची वाकण, पायाला गुंडाळलेल्या चिंध्या, काठावर रचलेले पांढरे ढीग, हे सारे आमच्या मिठागरांतले होते. द्वीपकल्पाच्या नावातला खारटपणा तेवढा इथे कोणाच्या कामी आलेला पाहिला.

निघायच्या आदल्या दिवशी मी बालाखानीला गेले. जुन्या विहिरींच्या मध्ये वसलेल्या गल्लीत एक चहाचे दुकान होते, तिथे बसलेले एक वयस्कर गृहस्थ चाळीस वर्षे तेलविहिरींवर काम करून निवृत्त झाले होते. माझ्या गाडीचा चालक दुभाषी झाला. नाशपातीच्या आकाराच्या पेल्यात चहा आला, साखरेचा खडा दाताखाली धरून तो कसा प्यायचा हे त्यांनी दाखवले. मी बाबांविषयी सांगितले, आणि मग धीर करून बाबांचा प्रश्न विचारला: सुराखानीचा वायू कुठल्या थरातून गेला?

त्यांनी पेला बाजूला ठेवला, बाकावरून उठून उकिडवे बसले आणि बोटाने धुळीत आडवी रेघ ओढली. ही जमीन. मग तिच्याखाली दुसरी, तिसरी, एकाखाली एक, मधोमध किंचित वर उचललेल्या, जशी खालून कोणी घडी घातली असावी. आधी वरचे थर रिकामे केले, ते म्हणाले, मग त्याखालचे, मग त्याहून खालचे. प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीपेक्षा खोल जावे लागले. आणि वरच्या रेघेपासून खाली बोट नेत त्यांनी थरांची नावे सांगायला सुरुवात केली. चालक ती भाषांतर करायला थांबला, पण त्याची गरज नव्हती. सकाळपासून रस्त्यावरच्या पाट्यांवर मी तीच गावे वाचत आले होते, आणि बाबांच्या तोंडून त्याच क्रमाने आयुष्यभर ऐकत आले होते. ‘‘सुराखानी,’’ ते म्हणाले. ‘‘साबुंची,’’ मी म्हणाले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि बोट पुढच्या रेघेवर ठेवले.

‘‘बालाखानी.’’